शहानियात जेवायचं कुठं

४ नोव्हेंबर १९८३, शुक्रवार

आज पुन्हा इन्शाल्ला!

दोन वर्षं झाली. शहानियात हॉटेल काढायचं म्हणून पंपासमोरची खोली घेऊन ठेवलीय. शेगड्या आणल्या, बाकडी दोहातून टँकरवर बांधून आणली, बलदियाच्या म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कागदावर सगळ्यांचे शिक्के झाले. एक राहिला — अरबाबचा. परक्या माणसाला या कतारमध्ये चहाची टपरीसुद्धा आपल्या नावानं काढता येत नाही. ज्यानं व्हिसा देऊन आणलं त्या मालकाचा शिक्का पाहिजे. माझा मालक नासिर बिन मुबारक, तीन पाण्याच्या टँकरांचा, चाळीस उंटांचा आणि माझ्या पासपोर्टाचा धनी. त्यालाच आम्ही सगळे अरबाब म्हणतो.

मी अरबी शिकलो ती कानानं. आलो तेव्हा टायर काढणारा होतो, आज तिन्ही टँकर माझ्या शब्दावर हलतात, ते या कानांच्या जोरावर. तर इन्शाल्ला तीन जातीचा असतो. डोळ्यात बघून म्हटला — काम झालं. जपमाळेकडं बघून म्हटला — पुढच्या महिन्यात बघू. आणि वर बघून म्हटला, की समजायचं, काम आता देवाच्या अंगावर ढकललं. आज म्हाताऱ्यानं छपराकडं बघितलं. छपराच्या वर आभाळच की!

डोकं तापलं होतं. पंपावर डिझेल भरत उभा होतो. तेवढ्यात एक गोरा साहेब, मडम, दोन पोरं — चौघंही टोमॅटोसारखे लाल. पांढरी हरणं बघून आले होते. गावाबाहेर सरकारनं तारेचं कुंपण घालून सरळ शिंगांची हरणं पाळलीत, दोहाचे लोक दर शुक्रवारी गाड्या काढून बघायला येतात. झाड नाही, पान नाही, अन् म्हणे उद्यान! बघून झालं की सगळे पंपावर येतात आणि एकच प्रश्न — इथं जेवायचं कुठं?

कुठंच नाही! येमेनी सालेहची रोटीची भट्टी आहे, ती शुक्रवारी बंद. मग बिस्किटं खात पन्नास मिनिटं परत दोहाला.

साहेबानंही तेच विचारलं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं — “ते पांढरं घर दिसतंय? हिरवं फाटक? बेस्ट फूड. व्हेरी फेमस. बूट बाहेर काढा, सरळ आत जाऊन बसा.”

अरबाबचं घर!

नुसता खोडसाळपणा नव्हता. म्हटलं, म्हाताऱ्याच्या दारातच गिऱ्हाईक उभं करतो. भुकेली माणसं डोळ्यांनी बघितली म्हणजे कळेल, गावाला हॉटेल पाहिजे की नको. हाकलून देईल बिचाऱ्यांना. तेवढं एक वाईट वाटलं.

५ नोव्हेंबर

हाकललं नाही.

अब्बास सकाळी पाण्याच्या निमित्तानं टँकरपाशी आला. अब्बास अरबाबचा स्वयंपाकी, दाभोळकडचा. बारा वर्षं त्याच घरात भात शिजवतोय. हातात पळी घेऊनच आला.

“महिपती, मेल्या, खरं सांग. ती माणसं तू पाठवलीस ना?”

“कुठली माणसं?”

“जल्लं तुझं तोंड! साहेब आत येऊन बसला नि मला विचारतो, आज स्पेशल काय?”

हसून हसून टँकरला धरून उभा राहिलो. अब्बासला हसू आलं नाही. मग आलं.

झालं असं. दुपारच्या नमाजानंतर अरबाब मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, एकटाच बसला होता. दारात चार परके. यांच्यात रिवाज असा, की दारात आलेल्याला तू कोण, का आलास, हे विचारायचं नाही. तीन दिवस विचारायचं नाही! आधी जेवू घालायचं. म्हातारा उठला, हात छातीवर ठेवला, म्हणाला या. परात आली. भात, वर अर्धं बकरं. मडमेला आतल्या बायकांनी नेलं. बाहेर आली ती दोन्ही हातांना मेंदी लावून. नवऱ्याला म्हणते, मेंदी फ्री आहे!

जेवण झालं. साहेबानं अरबाबकडं बघून हवेत अंगठा-बोट चोळलं. बिल!

अरबाबनं अब्बासला विचारलं, काय म्हणतोय?

“मग? काय सांगितलंस?”

“काय सांगू? सांगितलं, हात धुवायला पाणी मागतोय.”

मग कतारचा नासिर बिन मुबारक स्वतः झारी घेऊन उठला आणि साहेबाच्या हातावर पाणी घातलं. साहेबाला वाटलं, असेल इथली पद्धत. जाताना परातीखाली नोट सरकवून गेला. अब्बासनं ती अरबाबच्या नजरेला पडायच्या आत उचलली आणि मशिदीच्या पेटीत टाकली. “माझ्या हाताला भाजत होती ती,” म्हणाला.

८ नोव्हेंबर

अरबाब खुशीत. उंटांना पाणी घालताना मला म्हणाला — “महिबती,” (प त्याच्या तोंडात बसत नाही) “शुक्रवारी माझ्याकडं इंग्लिश लोक आले. अल्लानं पाठवले.”

अल्ला पंपावर डिझेल भरत होता हे मी सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन गाड्या. मी फक्त एकीला सांगितलं होतं! दुसरी आपणहून आली. गेल्या शुक्रवारच्या साहेबानं क्लबात सांगितलं म्हणे.

एका पोरानं भाताला हात लावला नाही. चिप्स पाहिजेत म्हणून रडलं. अरबाब विचारतो, लेकराला काय पाहिजे? अब्बास म्हणाला, बटाटा. म्हातारा एवढंसं तोंड करून बसला — घरात बटाटा नव्हता. उद्या टँकर दोहाला जाईल तेव्हा बटाट्याचं पोतं आणायचं, असा हुकूम मला. मलाच!

हिशेब चोख बसतोय. अजून एक शुक्रवार, मग कागद पुढं करतो.

१९ नोव्हेंबर

कागद पुढं केला. आणि वाट लागली.

चांगलं भाषण पाठ केलं होतं. म्हटलं, अरबाब, बघा, दर शुक्रवारी माणसं येतात. काल तर चार गाड्या. लांबून येतात, भुकेली असतात, तुम्हाला त्रास. पंपासमोर माझं हॉटेल असलं म्हणजे—

त्यानं हात वर केला. “भुकेली जातात का?”

“नाही.”

“मी जिवंत आहे का?”

“इन्शाल्ला. म्हणजे — आहात.”

“माझ्या बापानं या गावात विहीर खणली. तेव्हापासून वाटसरूनं इथं भाकरी विकत घेतलेली नाही. आणि आता मी जिवंत असताना माझ्या दारासमोर माणसं पैसे देऊन जेवणार? ऐब!”

ऐब म्हणजे लाज, कलंक, घराला बट्टा. हा शब्द आला की इथं पुढं बोलायचं नसतं.

म्हणजे झालं काय? मी म्हाताऱ्याला दाखवायला गेलो की हॉटेल का पाहिजे. त्याला दिसलं की हॉटेल का नको! दोन वर्षं निदान इन्शाल्ला तरी म्हणत होता. आज तेही नाही. स्वतःच्या पायावर टँकर घालून घेतला, महिपती.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज माणसं थोपवायला पंपावर उभा राहिलो. पहिल्या गाडीला म्हटलं, बंद आहे. दुसरीला म्हटलं, स्वयंपाकी आजारी. तिसऱ्या गाडीतली मडम डोळे बारीक करून म्हणते, “तुम्ही दुसऱ्या हॉटेलचे का?”

सगळ्या गाड्या सरळ हिरव्या फाटकात. जेवढं नको म्हणावं तेवढं यांना वाटतं, आत काहीतरी खास आहे.

अब्बास संध्याकाळी — “सहा पराती, महिपती. सहा! माझा खांदा गेला. आता ऐक, तुझं हॉटेल निघालं तर मला घ्यायचं. नाही तर मी अरबाबला सांगणार, अल्ला कोण ते.”

“घेतला. पण निघायला तर पाहिजे!”

“ते तू बघ. खड्डा तू खणलास.”

३० नोव्हेंबर

बायकोचं, सत्यभामेचं पत्र. बार्शीहून चोवीस दिवसांनी. मी लिहिलं होतं, हॉटेल काढतोय, आता टँकरचं स्टिअरिंग कंबरेला सोसत नाही, एक्केचाळीस झाली. तिचं उत्तर — “हॉटेल काढताय म्हणे. घरी होता तेव्हा पाण्याचा तांब्या कधी हातानं भरून घेतला नाहीत. तुमच्या हातचं खाणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.”

खाली बारीक अक्षरात, “कंबरेला तेल लावत जा.”

१६ डिसेंबर, शुक्रवार

नऊ गाड्या! एका साहेबाच्या हातात टाइप केलेला कागद बघितला. हरणांचं कुंपण, पंप, हिरवं फाटक, बाण. खाली लिहिलेलं अब्बासला वाचून दाखवलं — मालक म्हातारा, फार प्रेमळ, स्वतः हातावर पाणी घालतो. मेनू नाही. मिळेल ते खावं. चिप्स उत्तम.

अब्बास म्हणाला, “चिप्स उत्तम? आणि माझं बकरं?” त्याला त्याचाच राग.

आज एका जाड्या साहेबाची गंमत. इथं गाहवा, म्हणजे वेलचीची कडू कॉफी, टीचभर पेल्यात देतात. पुरे झालं की पेला दोन बोटांत धरून हलवायचा. हलवला नाही तर वाढणारा वाढतच राहतो. साहेबाला कोण सांगणार? बिचारा सभ्य. चौदा पेले प्याला. डोळे बटाट्याएवढे झाले. पंधराव्याला हात थरथरायला लागला, पेला हलला आणि सुटला.

म्हाताऱ्याला इतकं हसताना मी नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. खिडकीतून बघत होतो. त्या साहेबाच्या पाठीवर थाप मारत होता. एकाला उंटांची नावं सांगत होता, चाळीसच्या चाळीस. साहेबाला एक अक्षर कळत नव्हतं. तोही मान हलवत होता.

६ जानेवारी १९८४, शुक्रवार

धुळीचं वादळ. कोणी आलं नाही. अरबाब तीनदा फाटकापर्यंत येऊन गेला.

१३ जानेवारी, शुक्रवार

बस आली. बस!

१४ जानेवारी

झालं ते लिहून ठेवतो.

कालची बस दोहातल्या आपल्याच मंडळींची. मराठी! अठ्ठावीस माणसं, डबे नाहीत, सतरंज्या आहेत. मी टँकरखाली तेल बदलत होतो. कानावर आलं, “अहो, ते हॉटेल कुठलं हो?” आणि अंगावर काटाच आला. बाहेर येऊन सांगायला पाहिजे होतं — बाबांनो, ते घर आहे. आपली माणसं, समजली असती. पण तेल अर्धं निघालेलं. हात घाण. म्हटलं, खाऊन जातील, जातील. आळस नडला.

पुढारी त्यांचे पोपटराव, कुठल्याशा हाफिसात हेडक्लार्क. टाय लावून सहलीला! आत बसले आणि अब्बासला म्हणाले, “थाळी कितीला?”

अब्बास मराठी ऐकून खुश झाला आणि लगेच घाबरला. हळूच म्हणाला, “साहेब, हे हॉटेल नाय.”

पोपटराव म्हणाले, “कळतं हो! मेंबरांसाठी आहे ना? आम्ही जास्त देऊ.”

“तसं नाय, साहेब—”

“शाकाहारी काय आहे?”

अकरा जण शाकाहारी. बकऱ्याकडं तोंड फिरवून बसले. अरबाबनं विचारलं, ही माणसं आजारी आहेत का? सगळी? पोपटरावांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्यासाठी दुवा मागितली. मग स्वतः उठून त्यांना खजूर, दही, रोटी वाढली, चिप्सची परात पुढं सरकवली. पोपटराव बायकोला म्हणाले, “सर्व्हिस बघ! दोहात असं कोणी विचारतं का?”

आणि शेवटी हात धुताना ते झालं. अरबाब झारी घेऊन उभा. पोपटरावांनी हात धुतले, रुमालाला पुसले, खिशात घातले. गोरे लोक परातीखाली ठेवून जायचे. पोपटरावांना वाटलं, आपण मागं कशाला राहायचं, म्हाताऱ्यानं एवढं केलं, त्याच्याच हातात देऊ. दहाची नोट काढली, अरबाबची मूठ उघडली, आत ठेवली, मूठ मिटली, वरून थोपटली.

“ठेवा बाबा, चहापाण्याला.”

अब्बास सांगतो, सगळ्या खोलीत झारीचं पाणी गळल्याचा आवाज फक्त. अरबाबनं मूठ उघडून बघितलं. पुन्हा मिटली. पोपटरावांना हसून निरोप दिला. सगळ्यांना बसपर्यंत पोहोचवायला गेला. पाहुण्याला पोहोचवायला जायचं असतं ना.

मग परत आला आणि अब्बासला एवढंच विचारलं — “किती शुक्रवार?”

अब्बासनं घाबरून जेवढे होते तेवढे मोजून सांगितले. नोटा मशिदीच्या पेटीत टाकल्या तेही सांगितलं. माझं नाव घेतलं नाही म्हणतो. आणि म्हणतो, “घ्यायला लागलंच नाय रे.”

१५ जानेवारी

बोलावलं नाही.

१६ जानेवारी

अजून नाही. बोलावलं असतं तर बरं. पासपोर्ट त्याच्या कपाटात. एका शिक्क्याचं काम — खलास, मुंबईचं विमान! नऊ वर्षांत मी या माणसाला पाणी, डिझेल, टायर कशातही फसवलं नाही. आणि फसवलं ते कशात? जेवणात!

१७ जानेवारी, मंगळवार

बोलावलं.

मजलिसमध्ये एकटाच. पुढ्यात गालिच्यावर दहाची नोट पसरलेली.

“हे काय?”

“दहा रियाल, अरबाब.”

“ते मला वाचता येतं. हे काय?”

त्यानं गाहवा ओतला. अपराध्याला गाहवा! घ्यावाच लागतो. माझा हात इतका कापत होता की पेला आपोआप हलला. त्याला वाटलं पुरे झालं, दुसरा ओतला नाही.

म्हटलं, आता खोटं बोलून उपयोग नाही. “त्यांनी विचारलं जेवायचं कुठं. मी म्हटलं, गावात सगळ्यात चांगलं जेवण नासिर बिन मुबारककडं.”

“हे खोटं आहे का?”

“नाही. पण ते घर आहे, हे मी सांगितलं नाही.”

“का?”

“तुम्ही शिक्का देत नव्हता.”

बाहेर उंट ओरडत होते. त्यानं नोटेची घडी घातली. रागावला असता तर मी पाया पडलो असतो, हसला असता तर हसलो असतो. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला —

“थोरला मुलगा मुबारक दोहाला गेला, धाकटा गेला, भाऊ वारला. माझी परात दोन माणसांची झाली होती. मग हे लोक यायला लागले. अडीच महिने मला वाटत होतं, हे मला भेटायला येतात.”

मी खाली बघितलं. गालिच्यावरचं नक्षीकाम अजून डोळ्यांपुढं आहे.

“कागद आण,” म्हणाला.

कागद खिशातच होता. दोन वर्षं खिशातच आहे. त्यानं पेटीतून शिक्का काढला, फुंकर मारली, दाबला.

“जेवण विकत पाहिजे त्याला तिकडं जाऊ दे. यापुढं माझ्या दारात जो येईल तो माझ्याकडं येईल. कळेल मला कोण येतं ते.”

“शुक्रन, अरबाब.”

“यल्ला,” म्हणाला. जा.

शिक्का मिळाला! घरी येऊन कागद तीनदा बघितला. जेवलो नाही.

१८ जानेवारी

अब्बासला विचारलं, येतोस ना आता माझ्याकडं? ठरलं होतं.

“नाय रे,” म्हणाला. “त्याला शिजवून कोण घालील?”

१० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्घाटन. सत्यभामा कॅफेटेरिया. अरबी पाटीत ‘सत्यभामा’ लिहिताना पेंटरला घाम फुटला. आम्लेट, रोटी, डाळ, कोंबडी, चहा. चिप्स! पंपावर मीच उभा राहून गाड्या वळवल्या. अकरा गाड्या. एक जण म्हणाला, ते जुनं हॉटेल बंद झालं का? म्हटलं, हो, मालकानं धंदा सोडला.

बाकड्यांवर जागा नव्हती. सत्यभामेला लिहायला पाहिजे — माझ्या हातचं खाऊन कोणी मेलं नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

तेरा गाड्या. पोपटरावही आले, नव्या हॉटेलाचं अभिनंदन करायला. “पण सर्व्हिस त्या म्हाताऱ्याची हं!” म्हणाले. मी त्यांना कोंबडीचा पाय दिला. शाकाहारी आहेत हे विसरलो. असं मी म्हणतो.

अब्बास संध्याकाळी आला. चहा घेतला. पूर्ण परात शिजवली होती म्हणाला. अरबाब ऐकत नाही, शुक्रवारी पूर्णच शिजवायला सांगतो. नमाजानंतर फाटक उघडून बसला. चारला अब्बासला म्हणाला, तू बस. सालेह रोटीवाल्याला बोलावलं. तिघं बसले. “बारा वर्षं शिजवतोय. त्याच्याबरोबर एका परातीत आज पहिल्यांदा जेवलो.”

मी म्हटलं, येतील की कोणी. अब्बास म्हणाला, कोण?

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अरबाबच्या घरावरच्या टाकीत पाणी सोडायला गेलो होतो. ड्रायव्हर ठेवलाय तरी या घराची खेप मीच करतो. शिडीवर उभा. खाली खिडकी उघडी. माझे कान काही बंद होत नाहीत.

दोहाला फोन चालला होता, मुलाशी. या शुक्रवारी ये, म्हणत होता. मुलांना आण. बटाटा आहे घरात. मग थोडं थांबला. तिकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण मला कळलं — तिसऱ्या जातीचा इन्शाल्ला. फोनवर माणूस कुठं बघून बोलतो ते दिसत नाही. म्हाताऱ्याला दिसलं.

“बरं,” म्हणाला. “इन्शाल्ला.”

टाकी भरून वाहायला लागली तरी मी शिडीवरच. पाणी भिंतीवरून खाली गेलं, अरबाब बाहेर आला, वर बघितलं. ओरडला नाही. म्हणाला, “महिबती, तुझं दुकान चाललंय ना?”

“चाललंय, अरबाब.”

“अलहम्दुलिल्ला,” म्हणाला. देवाची कृपा. खरंच म्हणाला. डोळ्यात बघून.

२३ फेब्रुवारी

उद्याची डाळ भिजत घातली नाही. कोंबड्याही सांगितल्या नाहीत. का ते अजून ठरलेलं नाही. पण नाही घातली.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवड्यातला सगळ्यात चांगला धंद्याचा दिवस, आणि सत्यभामा कॅफेटेरियाला कुलूप! पंपावर उभा राहिलो. गाड्या आल्या. जेवायचं कुठं? म्हटलं, विकत आज कुठंच नाही. ते पांढरं घर — हॉटेल नाही, घर आहे. नासिर बिन मुबारक नावाचा माणूस राहतो. पाकीट गाडीत ठेवून जा. घाईत असाल तर जाऊच नका. त्याच्याशेजारी बसा, उंटांची नावं विचारा.

दोन गाड्या लाजून दोहाला निघून गेल्या. सात आत गेल्या.

आठवी आली, तिच्यात मीही बसलो — हिरव्या फाटकाकडं.